क्लबचा मालक गेला आणि अख्खं शहर रडलं, असं का झालं? लेस्टरच्या विचाईंबद्दल थोडं सविस्तर

२७ ऑक्टोबर २०१८, शनिवारची रात्र. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात किंग पॉवर स्टेडियमवर लेस्टर सिटी आणि वेस्ट हॅम या क्लबांची फुटबॉल मॅच १-१ अशी सुटली, बहुतेक लोक घरी गेले, आणि मॅच संपून साधारण तासाभराने क्लबचे थाई मालक विचाई श्रीवद्धनप्रभा यांचं हेलिकॉप्टर नेहमीप्रमाणे मैदानाच्या मधल्या वर्तुळातून उडालं, स्टेडियमच्या छताच्या वर गेलं, गरगर फिरायला लागलं आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत पडून पेटलं. आत पाच जण होते, विचाई, त्यांच्या स्टाफमधले दोघे, पायलट आणि त्याची जोडीदार जी स्वतःही पायलट होती. कुणीच वाचलं नाही.

क्लबने अधिकृत बातमी रविवारी रात्री दिली. पण लोक तोवर थांबलेच नव्हते, सकाळपासूनच स्टेडियमच्या गेटसमोर फुलं, निळे स्कार्फ, सह्या केलेले शर्ट, लहान पोरांनी वहीच्या पानावर लिहिलेली पत्रं असा ढीग लागायला सुरुवात झाली आणि दोन-तीन दिवसांत जमिनीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. मोठी मोठी माणसं उघडपणे रडत होती.

हे फोटो आपल्याकडे आले तेव्हा खूप जणांना एकच प्रश्न पडला होता आणि तो अगदी रास्त आहे. खेळाडू गेला तर लोक रडतील हे कळतं, कोच गेला तरी कळतं, पण मालक? तोही अब्जाधीश, एअरपोर्टवरच्या ड्यूटी फ्री दुकानांचा धंदा करणारा, हजारो मैल लांबच्या देशातला, मीडियाशी फारसं कधी न बोललेला. त्याच्यासाठी एवढं काय? हे नीट समजून घ्यायचं तर आधी इंग्लंडमध्ये क्लबचा मालक म्हणजे नक्की काय प्रकरण असतं ते बघावं लागेल.

आपल्या कोल्हापूरचं उदाहरण घेऊ. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, या टीम पेठेच्या आहेत, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ उतरते, आणि उद्या कुणी बाहेरचा श्रीमंत माणूस येऊन म्हणाला की ही टीम मी विकत घेतो, जर्सीचा रंग बदलतो आणि मॅच दुसऱ्या गावात खेळवतो, तर पेठ त्याला दारात उभं करणार नाही. इंग्लंडमधले क्लबही जन्माला आले ते असेच, गल्लीतून, चर्चमधून, कारखान्यातून. लेस्टर सिटीच १८८४ साली शाळेतल्या काही माजी विद्यार्थ्यांनी सुरू केला, फॉस रोड जवळ होता म्हणून नाव ठेवलं लेस्टर फॉस. पण पुढे हे क्लब हळूहळू लिमिटेड कंपन्या झाले, कंपनी म्हटली की शेअर आले, आणि शेअर आले की ते विकत घेणारा आला. म्हणजे भावनेने क्लब शहराचा, कागदावर मात्र एका माणसाचा. फॅन मालक निवडू शकत नाही, काढू शकत नाही, आणि मालक कितीही वाईट निघाला तरी फॅन क्लब सोडूनही जाऊ शकत नाही, कारण बापाने, आजोबाने याच क्लबला जीव लावलेला असतो.

आणि मालक काय काय करू शकतो याची उदाहरणं इंग्लंड-वेल्समध्ये ढिगाने आहेत. कार्डिफ सिटी पिढ्यान्‌पिढ्या निळ्या जर्सीत खेळायचा, २०१२ मध्ये मलेशियन मालकाने जर्सी लाल करून टाकली, फॅन्स अडीच वर्षं भांडले तेव्हा कुठे २०१५ च्या जानेवारीत निळा रंग परत आला. विम्बल्डनचा क्लब लंडनमधून उचलून मिल्टन कीन्सला नेला, मग फॅन्सनी स्वतःचा नवा क्लब काढला. मँचेस्टर युनायटेड २००५ मध्ये नव्या मालकांनी विकत घेताना घेतलेल्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच डोक्यावर बसला. बरी नावाचा १८८५ सालचा क्लब मालकांच्या पैशाच्या गोंधळात २०१९ मध्ये लीगमधून काढूनच टाकला, एका गावाची शनिवार दुपार रिकामी झाली. हे सगळं बघितलेल्या फॅनचा मालकाबद्दलचा पहिला विचार काय असणार? हा आपलं वाटोळं तर करणार नाही ना.

लेस्टरने तर हे स्वतः भोगलेलं होतं. २००२ मध्ये ते नव्या स्टेडियममध्ये गेले, त्याच सुमारास प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजनमधून, खाली पडले, टीव्हीचा पैसा बुडाला आणि क्लब ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला, म्हणजे साध्या भाषेत दिवाळखोरीच्या दारात, जिथे कोर्टाच्या देखरेखीखाली बाहेरचा माणूस येऊन हिशेब बघतो आणि देणेकऱ्यांशी तडजोड करतो. तेव्हा लेस्टरचाच पोरगा, इंग्लंडचा जुना स्ट्रायकर गॅरी लिनेकर, याने लोकांना गोळा करून क्लब वाचवला. मग २००८ मध्ये इतिहासात पहिल्यांदा तिसऱ्या डिव्हिजनमध्ये घसरले. स्टेडियमसुद्धा क्लबच्या मालकीचं राहिलेलं नव्हतं, भाड्याने खेळत होते.

अशा क्लबात २०१० च्या ऑगस्टमध्ये विचाई आले. आधीच्या मालकाकडून साधारण ३ कोटी ९० लाख पौंडांना त्यांच्या गटाने क्लब घेतला आणि पुढच्या वर्षी ते चेअरमन झाले. बँकॉकचा माणूस, १९८९ मध्ये किंग पॉवर ही ड्यूटी फ्री कंपनी काढलेली, श्रीवद्धनप्रभा हे आडनाव थायलंडच्या राजाने बहाल केलेलं, पोलोची प्रचंड आवड. लेस्टरच्या लोकांनी काही पहिल्या दिवशी गळ्यात हार घातला नाही हं, स्टेडियमचं नाव बदलून कंपनीचं नाव आलं, एरिक्सनसारखा मोठा मॅनेजर आणि महागडे खेळाडू आणून वर जायचा पहिला प्रयत्न फसला, एरिक्सनला २०११ च्या ऑक्टोबरमध्ये जावं लागलं. तेव्हा बरेच जण म्हणत होते की आता हा कंटाळणार आणि विकून जाणार. तसं झालं नाही, आणि सगळी गोष्ट तिथून पुढे बदलते.

इथे पैशाचा एक भाग समजून घ्यायला हवा, थोडा किचकट आहे पण याच्याशिवाय लोक त्यांच्यावर एवढे का विसंबून होते ते कळणार नाही. मालक क्लबमध्ये पैसे टाकतो असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो ते पैसे कर्ज म्हणून देत असतो. म्हणजे क्लबच्या वहीत लिहिलेलं असतं की मालकाचे इतके देणे आहेत. मालक खूश असेपर्यंत ते कुणी मागत नाही, पण मालक वैतागला, त्याचा धंदा बुडाला किंवा तो अचानक गेला, तर ते कर्ज वारसांच्या किंवा बँकांच्या हातात जाऊ शकतं आणि क्लबच्या मानेवर सुरी येते. विचाईंनी २०१३-१४ च्या सुमारास त्यांच्या कंपनीने दिलेलं १० कोटी ३० लाख पौंडांचं कर्ज शेअर भांडवलात बदलून टाकलं. सोप्या शब्दांत, देणं संपलं, हा पैसा आता परत मागण्यासारखा राहिला नाही. त्याच काळात, २०१३ मध्ये, त्यांच्या कंपनीने स्टेडियमही विकत घेतलं, म्हणजे घरभाड्याची टांगती तलवार गेली. फॅनला बॅलन्स शीट वाचता येत नसेल पण एवढं नक्की कळतं की हा माणूस दार उघडं ठेवून, बॅग भरून बसलेला नाही.

फुटबॉलची गोष्ट तर सगळ्यांना माहीतच आहे म्हणून पटकन सांगतो. २०१४ मध्ये १०२ पॉइंट्स घेऊन प्रीमियर लीगमध्ये आले, पुढच्या वर्षी एप्रिलपर्यंत तळाला होते आणि शेवटच्या नऊपैकी सात मॅच जिंकून वाचले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी, ज्या टीमवर बुकींनी पाच हजारास एक असा भाव ठेवला होता त्या टीमने इंग्लंडची लीग जिंकली. फ्लीटवूडसारख्या लीगबाहेरच्या क्लबातून आणलेला वार्डी, फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधून पाच लाख पौंडांपेक्षा कमी पैशात आणलेला महरेझ, काँते, आणि मॅनेजर रानिएरी. २ मे २०१६ ला मागून पाठलाग करणाऱ्या टॉटनहॅमने चेल्सीशी बरोबरी केली आणि १३२ वर्षांत पहिल्यांदा लेस्टर चॅम्पियन झालं. खेळात याच्या तोडीचं दुसरं काही मला तरी दाखवता येणार नाही.

पण मला वाटतं की लोक रडले ते फक्त ट्रॉफीसाठी नाही. ट्रॉफी देणाऱ्या मालकाबद्दल आदर वाटतो, अभिमान वाटतो, पण घरातलं माणूस गेल्यासारखं वाटायला दुसरंच काहीतरी लागतं. विचाईंनी छोट्या छोट्या गोष्टी केल्या आणि त्या वर्षानुवर्षं केल्या. त्यांच्या वाढदिवसाच्या आसपासच्या होम मॅचला स्टेडियममध्ये येणाऱ्या लोकांना बिअर फुकट, डोनट फुकट. लांबच्या मॅचला फॅन्ससाठी बसचा खर्च, थंडीत स्कार्फ, कधी सकाळचा नाश्ता. खुर्च्यांवर ठेवलेले ते कागदी क्लॅपर, ज्यांचा आवाज २०१६ मध्ये टीव्हीवरसुद्धा कानात बसायचा. एक बिअरची किंमत किती, फार नाही, पण ज्या देशात फॅन म्हणजे दरवर्षी महाग होणाऱ्या तिकिटाचं गिऱ्हाईक एवढंच समजलं जातं तिथे मालकाने आपल्या वाढदिवसाला तुम्हाला काहीतरी द्यावं, हे लोक विसरत नाहीत. शिवाय शहरातल्या मुलांच्या हॉस्पिटलसाठी २० लाख पौंड, लेस्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय विभागासाठी १० लाख पौंड. ज्या आईचं लेकरू त्या वॉर्डात होतं तिला फुटबॉलमधलं ऑफसाइड कळत नसेल, पण विचाई कोण ते माहीत होतं.

आणि तो येत होता, हे सगळ्यात महत्त्वाचं. लांबून चेक पाठवणारे मालक खूप आहेत. हा माणूस मॅचला स्टँडमध्ये मुलाबरोबर बसलेला दिसायचा, बँकॉकच्या वाट त्रायमित मंदिरातले बौद्ध भिक्खू मैदानाला आणि खेळाडूंना आशीर्वाद द्यायला आणायचा, खेळाडूंशी घरच्यासारखा वागायचा, आणि मॅच संपली की ते हेलिकॉप्टर मधल्या वर्तुळात उतरायचं. पोरं थांबून ते बघायची. मालक आज आलाय आणि आता निघालाय याची ती खूण होती, दर होम मॅचला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. म्हणून तो अपघात लेस्टरवाल्यांसाठी कुठेतरी लांब घडलेली बातमी नव्हती, तो त्यांच्या अंगणात, त्यांच्या ओळखीच्या दृश्याच्या मधोमध घडला.

ते सगळं गोडगोड होतं असं मी म्हणणार नाही, कारण मग लेखाला अर्थ राहणार नाही. ज्या रानिएरीने लीग जिंकून दिली त्याला नऊ महिन्यांत काढलं आणि तेव्हा लेस्टरचे लोक खरोखर दुखावले होते. २०१३-१४ च्या सीझनमधल्या खर्चाच्या नियमांवरून इंग्लिश फुटबॉल लीगशी वाद चालू होता, तो २०१८ मध्ये ३१ लाख पौंड देऊन मिटवावा लागला. थायलंडमध्ये किंग पॉवरच्या एअरपोर्टवरच्या मक्तेदारीवर टीका होत आली आहे. हे फॅन्सना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. माणूस म्हटला की हे सगळं असतं, आणि ज्याच्यावर आपण रागावलोय त्याच्यासाठीही आपण रडतो, घरात तरी दुसरं काय होतं.

अपघात कशामुळे झाला हे बऱ्याच जणांना अजून नीट माहीत नाही, म्हणून ते सांगतो. हेलिकॉप्टरचं वरचं मोठं पातं एका दिशेला फिरतं तेव्हा खालचं धड उलट्या दिशेला फिरायला बघतं. ते फिरू नये म्हणून शेपटीला तो छोटा उभा पंखा असतो, तो बाजूला जोर लावून धडाला सरळ ठेवतो, आणि पायलट पायाखालच्या पेडलने त्या पंख्याच्या पात्यांचा कोन कमी-जास्त करून नाक डावी-उजवीकडे वळवतो. विचाईंच्या एडब्ल्यू १६९ हेलिकॉप्टरमध्ये त्या शेपटीच्या पंख्यातलं एक बेअरिंग झिजून जाम झालं. बेअरिंग जाम झाल्यावर आतला कंट्रोलचा दांडा, जो फिरायला नको, तो पंख्याबरोबर फिरायला लागला, फिरता फिरता त्याच्या दुसऱ्या टोकाचा नट सुटून बाहेर आला, आणि पेडल आणि शेपटी यांचा संबंधच तुटला. पात्यांचा कोन एका टोकाला जाऊन बसला. हेलिकॉप्टर साधारण ४३० फुटांवर असताना वेगाने उजवीकडे फिरायला लागलं. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास यंत्रणेचा अंतिम अहवाल २०२३ च्या सप्टेंबरमध्ये आला, त्यात स्पष्ट आहे की त्या परिस्थितीत कुणाही पायलटला ते सावरता आलं नसतं. पुढे २०२५ च्या जानेवारीत मृत्यूंच्या चौकशीतही ज्युरीने हा अपघातच ठरवला, आणि त्याआधी, २०२४ मध्ये, कुटुंबाने हेलिकॉप्टर बनवणाऱ्या कंपनीवर दोनशे कोटी पौंडांहून जास्त भरपाईचा दावा लावला आहे. बोटाएवढ्या नटापायी पाच माणसं, हे वाचताना मला अजूनही कसंतरी होतं.

त्या रात्री दोन पोलीस आगीजवळ जाऊन काचा फोडायचा प्रयत्न करत होते, पण धग एवढी होती की त्यांना मागे यावं लागलं. गोलकीपर कॅस्पर श्मायकेल स्टेडियमबाहेर धावत आला होता.

मग सुरू झाला शोक, आणि तो कसा होता हे बघण्यासारखं आहे कारण लेस्टर हे काही एका रंगाचं शहर नाही. इथली एक तृतीयांशहून जास्त माणसं भारतीय वंशाची, त्यातले कितीतरी १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हाकललेल्या गुजराती कुटुंबांतले, बेलग्रेव्ह रोडवरची दिवाळी भारताबाहेरच्या सगळ्यात मोठ्या दिवाळींपैकी एक मानली जाते. ही माणसं काही पिढ्यांपूर्वी परकी म्हणून आली होती. त्यांच्या शहरातल्या क्लबचा मालक आशियातला, बौद्ध, तोही बाहेरून येऊन इथला झालेला. दिवाळी दहा दिवसांवर होती, आणि स्टेडियमबाहेरच्या त्या फुलांत सुरुवातीच्या तासांतच गणपतीची फ्रेम केलेली तसबीर ठेवलेली दिसली. शेजारी लेस्टरचे स्कार्फ, थायलंडचे झेंडे, क्रॉस. कुणी कुणाला विचारलं नाही की तुझ्या धर्मात असं करतात का. ज्याला जसं दुःख करता येतं तसं त्याने केलं.

मंगळवारची कप मॅच पुढे ढकलली. पण पुढच्या शनिवारी, ३ नोव्हेंबरला, कार्डिफला लीगची मॅच होती आणि खेळाडूंनी ठरवलं की खेळायचं. शोकात असताना खेळावं की नाही यावर दोन मतं असू शकतात, मला त्यांचं पटतं, कारण विचाईंशी त्यांचं नातं जिथे होतं तिथेच त्यांनी ते निभावलं. दुसऱ्या हाफमध्ये डेमाराई ग्रेने गोल केला, धावत गेला, शर्ट काढला, आत पांढऱ्या बनियनवर लिहिलेलं होतं, फॉर खुन विचाई. खुन म्हणजे थाई भाषेत आपलं श्री किंवा राव म्हणा. आता नियम असा आहे की गोलनंतर शर्ट काढला की यलो कार्ड. रेफरीने कार्ड दाखवलं. खूप लोक चिडले, मला मात्र त्या रेफरीचाही राग येत नाही, नियमात त्याला सवलत नव्हती, आणि ग्रेलाही शर्ट काढताना ते माहीत होतंच. मॅच १-० ने जिंकली आणि तिथूनच टीममधले बरेच जण थेट विमानाने बँकॉकला अंत्यविधीच्या प्रार्थनांना गेले. कोट्यवधी कमावणारे खेळाडू मालकाच्या मयताला अर्ध्या जगापलीकडे, मॅचच्या दमल्या अंगाने, गेले.

१० नोव्हेंबरला बर्नलीविरुद्ध अपघातानंतरची पहिली होम मॅच. त्याआधी फॅन्सनी स्वतः एक पदयात्रा ठरवली, शहरातल्या ज्युबिली स्क्वेअरपासून स्टेडियमपर्यंत, नाव ठेवलं ५०००-१, त्या भावावरून. हजारो माणसं निघाली, खांद्यावर पोरं, व्हीलचेअरवर म्हातारी माणसं, आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या क्लबांचे शर्ट घातलेले लोकही होते. मॅच ०-० झाली. त्या दिवशी स्कोअर कुणी बघत नव्हतं.

तर मग हा शोक नेमका कशाचा होता? एक तर आठवणींचा. २०१६ चा तो मे महिना लेस्टरच्या लोकांच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा काळ होता, कितीतरी जणांनी तो वडिलांबरोबर, आजीबरोबर बघितला आणि आता ती माणसं नाहीत. विचाई गेले तेव्हा त्या आठवणीत असलेलं एक माणूस कमी झालं, आणि लोक विचाईंच्या निमित्ताने आपापल्या गेलेल्या माणसांसाठीही रडले. मानसशास्त्रात एकतर्फी नात्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय, आपण ज्याला ओळखतो पण जो आपल्याला ओळखत नाही त्याच्याशी जडलेलं नातं, पण इथे ते पूर्ण एकतर्फीही नव्हतं. समोरून काहीतरी येत होतं.

दुसरी गोष्ट होती भीती. ज्या क्लबने दिवाळखोरी बघितली आहे तिथल्या माणसाला मालक गेल्याच्या बातमीबरोबर काळजात धस्स होतं की आता आपलं कसं होणार. एका माणसाच्या इच्छेवर सगळा डोलारा उभा असला की ती इच्छा संपल्यावर काय, हा प्रश्न त्या फुलांच्या मागे होताच, लोक बोलत नव्हते इतकंच. विचाईंचा मुलगा ऐयावत, ज्याला सगळे टॉप म्हणतात, त्याने चेअरमनपद घेतलं आणि वडिलांचं काम पुढे नेईन असं सांगितलं तेव्हा लोकांना जो धीर आला तो खरा होता.

हे पूर्वी झालेलं नाही असंही नाही. १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये चेल्सीचे व्हाइस चेअरमन मॅथ्यू हार्डिंग बोल्टनहून मॅच बघून परतताना हेलिकॉप्टर अपघातातच गेले होते. तेही श्रीमंत, तेही पैसे ओतणारे, आणि फॅन्सबरोबर पबमध्ये बसून गप्पा मारणारे. स्टॅमफर्ड ब्रिजवर आजही एक अख्खा स्टँड त्यांच्या नावाने आहे. त्यांच्या नंतर चेल्सीत किती पैसा आला गेला, पण त्या स्टँडचं नाव कुणी बदललं नाही.

आणि उलटं उदाहरण बघायचं तर ते आपल्या पुण्याशी जोडलेलं आहे. विचाईंनी लेस्टर घेतलं त्याच वर्षी, तीन महिन्यांनी, २०१० च्या नोव्हेंबरमध्ये, पुण्याच्या वेंकीजने ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. तेव्हा ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमध्ये होता आणि लेस्टर खालच्या डिव्हिजनमध्ये. ब्लॅकबर्न म्हणजे जॅक वॉकर या स्थानिक पोलाद व्यावसायिकाने पैसा आणि जीव लावून १९९५ मध्ये चॅम्पियन केलेला क्लब, वॉकर २००० मध्ये गेले तेव्हा तिथेही लोक असेच रडले होते. वेंकीजने मॅनेजर बदलला, २०१२ मध्ये टीम खाली पडली, त्या दिवसांत फॅन्सनी रागाने मैदानात कोंबडी सोडली होती, २०१७ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरण झाली. आता यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, वेंकीजने पैसा दिला नाही असं नाही, वर्षानुवर्षं तोटा त्यांनी भरला आहे, त्यांनी हात वर केले असते तर क्लब बुडाला असता. तरी लोकांचं मन जुळलं नाही, कारण मालक दिसत नव्हते, बोलत नव्हते, निर्णय का घेतले ते कळत नव्हतं. विचाईसुद्धा मीडियाशी बोलायचे नाहीत, पण ते स्टँडमध्ये असायचे. मला हा फरक पैशापेक्षा मोठा वाटतो आणि पुण्याचा माणूस म्हणून त्याचं वाईटही वाटतं, कारण आपल्या शहराचं नाव तिथे प्रेमाने घेतलं जाऊ शकलं असतं.

नंतर काय झालं? वर्ष भरायला दोन दिवस असताना, २५ ऑक्टोबर २०१९ ला, लेस्टरने साउथॅम्प्टनला त्यांच्याच मैदानावर ९-० ने हरवलं. जिथे हेलिकॉप्टर पडलं तिथे स्मृती उद्यान झालं. २०२१ च्या मे महिन्यात चेल्सीला १-० ने हरवून क्लबने पहिल्यांदा एफए कप, म्हणजे लीगपेक्षा वेगळी असलेली इंग्लंडची जुनी नॉकआउट स्पर्धा, जिंकला, टिलेमन्सचा तो लांबून मारलेला गोल, आणि खेळाडूंच्या शर्टाच्या आतल्या बाजूला, कॉलरखाली, विचाईंचं चित्र छापलेलं होतं. टॉप मैदानात उतरला, पोरांनी त्याला मिठ्या मारल्या. कोरोनामुळे वेम्बलीत वीसेक हजारच लोक होते, पण आवाज पूर्ण भरलेल्या स्टेडियमचा होता. २०२२ च्या ४ एप्रिलला, विचाईंच्या वाढदिवशी, स्टेडियमबाहेर त्यांचा पुतळा बसवला. २०२३ मध्ये कुटुंबाने क्लबवरचं जवळपास १९ कोटी पौंडांचं कर्ज पुन्हा भांडवलात बदललं, बापाने केलं होतं तसंच.

आणि तरीही त्याच २०२३ मध्ये टीम खाली पडली, एका वर्षात वर आली, २०२५ मध्ये परत पडली, आणि फॅन्सनी क्लबच्या कारभाराविरुद्ध निदर्शनं केली. बाहेरच्याला वाटतं की ज्या कुटुंबासाठी एवढे रडले त्यांच्यावरच ओरडतायत, कसली माणसं आहेत. मला तसं वाटत नाही. टॉपवर थोडा अन्याय होतो हे खरं, वडील गेले तेव्हा तो तिशीतला पोरगा होता, दुःखात असताना त्याच्या हातात अख्खा धंदा आणि क्लब आला, आणि २०१६ च्या यशात त्याचाही वाटा होता. पण तीन सीझनमध्ये दोनदा खाली गेलेल्या क्लबच्या फॅनने खेळाडूंची खरेदी कशी होते, पगार कुणाला किती देतात, पुढचा प्लॅन काय, हे विचारायलाच हवं, आणि विचाईंच्या काळात मालक समोर बसलेला बघायची सवय लागलेली असल्यामुळे उत्तरही समोरून यावं अशी त्यांची अपेक्षा आहे.